यादी स्वच्छ करणे

"हितं परात ठेवाय जागा न्हाय, आन हिचं यंत्र मांडलंय. मांड की. माझ्या डोक्यावर मांड."

आक्का हे माझ्याशी बोलत नव्हत्या, तव्याशी बोलत होत्या. पण तवा आणि मी यांच्यात जेमतेम दीड हाताचं अंतर होतं, आणि तव्याला ऐकू येत नाही हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

यंत्र म्हणजे माझा लॅपटॉप. माळहट्टीच्या आमच्या घरात रिकामा म्हणावा असा एकच प्लग उरलेला, तो स्वयंपाकघरातल्या कट्ट्यावर, मिक्सरच्या शेजारी. बाकीचे सगळे यात्रेच्या लायटिंगनं बळकावले होते. आणि आक्का म्हणजे मालुबाई, माझ्या थोरल्या जाऊ. मी बेळगावात टायपिंगचं दुकान चालवते आणि सणावाराला गावी येते. आक्का बाकीचं सगळं चालवतात.

चार्जर ठेवायला मी पिठाच्या डब्यावरची एक पुडी बाजूला सरकवली. वर्तमानपत्रात गुंडाळलेली, दोऱ्यानं बांधलेली. आक्कांनी पिठाच्या हातानंच ती उचलली आणि वरच्या फळीवर ठेवली.

"त्येला हात लावू नगंस."

काय आहे, मी विचारलं नाही. त्या दिवसांत आमच्या घरात न विचारण्याची चढाओढच लागली होती.

आमच्या लक्ष्मीची यात्रा एकोणीस वर्षांनी भरत होती. यात्रेतली पहिली ओटी आमच्या घराची. हा मान कुणी दिला, कधी दिला, मला विचारू नका, मी नवी सून असताना विचारलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "हाय म्हंजे हाय." एकोणीस वर्षांपूर्वी ती ओटी आक्कांनी भरली. मागं ताट धरून मी होते. त्यांच्या हिरव्या इरकलीचा काठ किती बोटं रुंद होता हे गावातल्या बायका अजून एकमेकींना सांगतात, आणि दर वेळी एक बोट वाढवून सांगतात. चौदा महिन्यांपूर्वी आक्कांचे मालक, भावकू भावजी, गेले. मग या वेळी पहिली ओटी कोण भरणार? हा प्रश्न मांजरासारखा सगळ्यांच्या पायात येत होता, आणि सगळे त्याच्याकडं न बघता त्याला ओलांडून जात होते. मीही. आक्काही.

खरं तर यादीची भानगड गावानं काढलीच नव्हती. ती तालुक्याच्या ऑफिसनं काढली. यात्रेच्या परवानगीसाठी अर्जासोबत गर्दीचं वेळापत्रक जोडा: कुठली बाई, कुठल्या दिवशी, किती वाजता ओटी भरणार. बाईमागं दोन मिनिटं, एकूण तीन दिवस. कन्नडमध्ये, तीन प्रतींत. वेळापत्रक नाही तर परवानगी नाही, आणि परवानगी नाही तर मांडवाचा एक बांबूसुद्धा उभा राहणार नाही.

यात्रा कमिटीत पाच जण. अध्यक्ष आण्णाप्पा, निवृत्त हेडमास्तर; मग नागोजी, मग जोतिबा, आणि आणखी दोघे, जे बैठकीत फक्त मान हलवतात आणि त्यामुळं ज्यांचं गावात कुणाशीच वाकडं नाही.

"वैनी, तुमच्यात कंप्युटर हाय न्हवं?" आण्णाप्पांनी विचारलं.

"आहे."

"मग झालं की काम."

कंप्युटर असणं आणि काम होणं यांच्या मधे जे काही येतं, ते म्हणजे मी.

सल्ले मात्र भरपूर आले. नागोजी म्हणाले, "गेल्या टायमाला काय यादी केलती व्हय? बाया आल्या, वट्या भरल्या, गेल्या." जोतिबा म्हणाले, "चिठ्ठ्या टाका टोपलीत. देवीलाच उचलू दे." बेळगावहून आमच्या ह्यांचा फोन आला. हे विमा ऑफिसात आहेत, त्यामुळं धोका यांना लांबून दिसतो. "एक्सेलमध्ये दोन तासांचं काम आहे गं. उगीच तुझं ते कंसांचं काढू नकोस."

माझं ते कंसांचं म्हणजे काय, ते सांगायला हवं. माझ्या दुकानात वर्षानुवर्षं तेच पाच अर्ज. रहिवासी दाखला, नावातली दुरुस्ती, वीज मीटर, असे. वर कन्नड, खाली मराठी, बदलतं फक्त नाव आणि कपाळावरच्या आठ्या. शेचाळिसाव्या वर्षी मला वाटलं, हे यंत्राला का करता येऊ नये? मग गिऱ्हाईक नसेल तेव्हा व्हिडिओ बघत, चुकत, रडत, मी क्लोजर नावाची एक भाषा शिकले. या भाषेत सगळं फंक्शन आणि सगळं कंसात. एक कंस उघडला की तो मिटेपर्यंत जिवाला स्वस्थता नाही. संसाराची सवय असलेल्या बाईला ते जड गेलं नाही. निपाणीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणाऱ्या तेजस्वीबाई मला या भाषेच्याच एका ऑनलाईन मंचावर भेटल्या. पहिल्या उत्तरात त्यांनी मला 'काकू' म्हटलं. पुढं वयं निघाली, त्याच माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या. काकू त्यांनी परत घेतलं, शिकवणं मात्र चालू ठेवलं.

तर, मी ठरवलं की यादीसाठी मॅक्रो लिहायचा. एक्सेलमधला नव्हे, हा वेगळा, खानदानी. फंक्शन म्हणजे शेजारची सुगरण: तुम्ही चिरलेली भाजी द्या, ती शिजवून परत देईल. मॅक्रोला भाजी द्यायचीच नाही. भाजी कशी करायची ते लिहिलेला कागद द्यायचा, आणि मॅक्रो तो कागदच नव्यानं, सविस्तर लिहून देतो, स्वयंपाक त्यानंतर. प्रोग्रॅम लिहून देणारा प्रोग्रॅम. तुम्ही एक ओळ म्हणायची, तो आत चाळीस ओळी मांडतो, आणि त्या चाळीस कुणाला दिसत नाहीत.

मला तो हवा होता कारण आमच्या तीन गल्ल्यांचे तीन कायदे. वरल्या गल्लीत थोरल्या घरापासून सुरुवात. मधल्या गल्लीत नव्या सुना आधी. खालच्या गल्लीत माहेरवाशिणी आधी, कारण त्यांना संकेश्वरची शेवटची एसटी गाठायची असते. हा कायदा एसटीचा आहे की देवीचा, यावर दोन मतं आहेत. मला वाटलं, आपण 'ओटी-क्रम' नावाचा एक शब्द घडवावा. त्याच्यापुढं गल्लीचं नाव आणि तिचा कायदा, बस. कुणीही वाचावं, कुणालाही कळावं, कुठल्याही गावानं उचलून वापरावं. कणकुंबीपासून कोगनोळीपर्यंत गावोगावच्या यात्रा माझ्या एका शब्दावर सुरळीत चालल्यात, असं चित्र मी भाकरीच्या धुरात कितीतरी वेळ बघत बसले.

तेजस्वीबाईंनी फोनवर सांगितलं होतं, "फंक्शननं भागतंय का ते आधी बघा. मॅक्रो लिहायचाच तर नाव वाचून जेवढं कळतं तेवढंच त्याच्या पोटात असू द्या, चोरकप्पा नको. आणि लिहून झाला की उलगडून बघा. आत नेमकं काय तयार होतंय ते उघडं करून वाचा."

मी "हो हो" म्हटलं. शिकलेल्या माणसाला आपण म्हणतो, तसंच.

पंचायतीनं फाईल दिली: बाईचं नाव, नवऱ्याचं नाव, गल्ली, फोन. पहिल्याच दुपारी मी मॅक्रो लिहिला. दुसऱ्या दिवशी यादी छापून देवळाच्या भिंतीवर लावली, आणि सगळ्यांच्या मोबाईलवर नंबर पाठवले. कळ दाबली तेव्हा हात जोडले.

वीस मिनिटांत जोतिबा दारात. चपला न काढता, म्हणजे प्रकरण गंभीर.

"वैनी, आमच्या घरातल्यांचा नंबर किती?"

"यादी बघून सांगते. एक्केचाळीस."

"मोबाईलवर बेचाळीस आलाय. शेजारणीला चव्वेचाळीस. मग त्रेचाळीस कुणाच्या बापाचा?"

मी घाईघाईनं बघितलं. भिंतीवरच्या यादीत एक, तीन, पाच, सात. मोबाईलवर दोन, चार, सहा, आठ. शेवटच्या बाईचा नंबर सतराशे बावीस. गावात सम आणि विषम अशी सरळ फाळणी झाली होती.

चूक माझी होती आणि जुनी होती. पुस्तकात तिच्यावर एक अख्खं प्रकरण आहे, ते मी वगळलं होतं. 'पुढचा नंबर काढ' हा कागद मी मॅक्रोला दिला, आणि मॅक्रोनं तो दोन ठिकाणी चिकटवला, एकदा यादीत, एकदा निरोपात. मला वाटलं नंबर एकच, दोनदा दिसेल. पण कागद दोन म्हटल्यावर नंबर दोनदा निघाला. डॉक्टरनं एकच चिठ्ठी लिहावी, तिची झेरॉक्स काढून घरातल्या दोघांनी दोन दुकानांतून औषध आणावं आणि दोघांनी ते रोग्याला पाजावं, तसं.

हे मी जोतिबांना समजावलं. ते म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे. आमी आता दोनदा यायचं का एकदा?"

संध्याकाळपर्यंत गावात तीन पक्ष झाले. काहींच्या मते दोन नंबर म्हणजे दोन ओट्या, आणि खण दोन आणावे लागणार. काहींच्या मते दुसरा नंबर हा कमिटीवाल्यांच्या पाव्हण्यांसाठी गुपचूप राखलेला. तिसरा पक्ष आमच्या घरासमोर नुसताच उभा होता. दुसऱ्या दिवशी दुपारी मी दुरुस्ती केली: नंबर एकदाच काढायचा, त्याला नाव द्यायचं, आणि दोन्हीकडं ते नाव वापरायचं. बारा अक्षरांचं काम. कमिटीनं माफीचा निरोप लिहून दिला: 'तांत्रिक कारणामुळे आधीचे नंबर रद्द.' मी तोच पाठवला. तांत्रिक कारण म्हणजे मीच. लग्नात एकदा माझं नाव बदललं होतं, हे दुसऱ्यांदा.

नवी यादी लागली. एक ते आठशे एकसष्ट, ओळीनं. आदल्या दिवशीच्या गोंधळात कुणी पहिल्या ओळीकडं बघितलं नव्हतं. आता सगळ्यांनी बघितलं.

एक: वासंती गोपाळ. वरली गल्ली. सकाळी सहा.

बायका दारावरून जाताना म्हणायला लागल्या, "पयली वटी तुमची वो वैनी!" खोटं कशाला बोलू, अर्ध्या क्षणाला मला बरं वाटलं. सत्तावीस वर्षं मी ताट धरून मागं उभी होते. पण उरलेल्या अर्ध्या क्षणात पुढचं दिसलं. आता गावाला वाटणार, यंत्र हिचं, यादी हिची, आणि पहिलं नाव पण हिचंच. आपल्या हातानं वाढून घेतलं. आणि आक्का?

आक्का देवळाकडून आल्या. पदरानं तोंड पुसलं. "नंबर लागला तुझा," म्हणाल्या, आणि डाळ निवडायला बसल्या. एवढंच. फळीवरच्या पुडीकडं त्यांनी बघितलं नाही. मी बघितलं.

मी स्वतःची समजूत काढली. पंचायतीची फाईल तशी असेल, कमिटीनं आधीच ठरवलं असेल. आपण काय, टायपिंगवाली. लोक आणतात ते आपण छापतो.

पुढच्या दिवशी आण्णाप्पांच्या स्कूटरवर मागं बसून मी तीन प्रती घेऊन तालुक्याला गेले. टेबलावरचे साहेब सौम्य होते. सौम्य साहेबांची मला धास्ती वाटते. रागावणारे घाईत असतात, सौम्य माणसं मोजतात. त्यांनी मोजलं.

"ई एंबत्तारु जन एल्ली मेडम?"

माझं कन्नड टायपिंगपुरतं, कानाला पुरत नाही; माझा चेहरा बघून त्यांनी मोडक्या मराठीत परत सांगितलं. पंचायतीच्या यादीत बायका नऊशे सत्तेचाळीस. वेळापत्रकात आठशे एकसष्ट. हे शहाऐंशी जण कुठं गेले?

मी आण्णाप्पांकडं बघितलं. आण्णाप्पा पंख्याकडं बघत होते. पंखा बंद होता.

साहेबांनी खणातून एक नमुना काढला. डावीकडं नाव, उजवीकडं 'न येण्याचं कारण', आणि खाली कमिटीच्या पाचही जणांच्या सह्या, पूर्ण नावानं. "त्या दिवशी शहाऐंशी जण जास्त आले तर बॅरिकेडला जबाबदार कोण? आकडा जुळला पाहिजे. उद्या चारपर्यंत. मग सही करतो, मग मांडव." माणूस बरोबर बोलत होता, आणि बरोबर बोलणाऱ्यावर रागावता येत नाही याचा राग मला गावापर्यंत पुरला.

वाटेत आण्णाप्पा वाऱ्यात ओरडले, "यंत्राची चूक हाय म्हणून सांगूया!"

"माझ्या प्रोग्रॅमनं एकही बाई गाळलेली नाही!" मी इतक्या जोरात ओरडले की स्कूटर डगमगली. "माझी नंबरची चूक झाली, मी कबूल केली. माणसं गाळायचं काम माझा प्रोग्रॅम करत नाही."

घरी येऊन तेजस्वीबाईंना फोन लावला. सगळी तक्रार ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"उलगडून बघितलंत?"

मी लॅपटॉप पुढं ओढला.

"उलगडा. मी फोनवर आहे."

आक्का शेजारीच तांदूळ निवडत होत्या. मी मॅक्रो उलगडला. 'ओटी-क्रम वरली-गल्ली थोरलं-घर-आधी' या माझ्या लाडक्या एका ओळीच्या जागी त्रेचाळीस ओळी उभ्या राहिल्या, पोटातल्या सगळ्या. गल्ली निवड, बरोबर. घरं लाव, बरोबर. सतराव्या ओळीवर माझं बोट थांबलं. ज्या बाईच्या नवऱ्याच्या नावाआधी 'कै.' आहे, ती ओळ गाळ. आणि शेजारी माझ्याच हातानं लिहिलेली टीप: यादी स्वच्छ करणे.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आण्णाप्पांनी नाही, पंचायतीनं नाही. पहिल्या दुपारी, चहा आणि भाकरीच्या मधे, मीच लिहिलं होतं. अर्जावर वरच्या कोपऱ्यात तारीख टाकावी तसं, हात न थबकता. मग त्यावर 'ओटी-क्रम' हे नाव ठेवून झाकण लावलं होतं, आणि तीन दिवस त्या झाकणावर बसून मी कमिटीच्या नावानं बोटं मोडत होते.

गाळलेल्या शहाऐंशी ओळी मी बाहेर काढल्या. पहिलं नाव: मालुबाई कै. भावकू.

आणि मग एकोणीस वर्षांपूर्वीचा तो दिवस आठवला. आक्कांची इरकल, माझ्या हातातलं ताट. सासूबाई कुठं होत्या तेव्हा? मामंजी जाऊन तीन वर्षं झालेली. सासूबाई चुलीपुढं होत्या, पोळ्या लाटत. मांडवात आल्याच नव्हत्या. मान आक्कांकडं कसा आला हे तेव्हाही कुणी विचारलं नव्हतं. हाय म्हंजे हाय.

"वासंतीताई?" फोनमधून आवाज आला. "सापडलं का?"

"सापडलं," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

"काय गावलं गं?" आक्कांनी विचारलं.

"काही नाही. तांत्रिक कारण."

त्यांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं. "डोळं बारीक करून बगू नगंस. चष्मा घे," म्हणाल्या, आणि परत तांदळात बोटं घातली.

तुम्ही म्हणाल, मग काढून टाकायची ती ओळ, आणि मिटलं. मलाही तसंच वाटलं. मी आण्णाप्पांच्या घरी गेले. "ओळ मी लिहिली, मीच काढते. शहाऐंशी जणींना नंबर देते."

आण्णाप्पा उठून उभे राहिले. "आसं कसं? आसं कुठं आसतंय वैनी?"

"मग ठेवू?"

"ठेवा आसंबी मी म्हणत न्हाय."

"मग काय करू?"

"उद्या बैठकीत बगू," ते म्हणाले. हेडमास्तरकीत त्यांनी तीस वर्षं सगळं उद्या बैठकीत बघितलं होतं.

बैठक बारा वाजता, देवळाच्या हॉलमध्ये. चार वाजता तालुक्याला पोचायचं म्हणजे तीनला गाव सोडायला हवं. बाहेर मांडववाले बांबूंच्या ढिगावर बसून होते. परवानगीशिवाय खड्डा खणायचा नाही असं त्यांना बजावलं होतं. त्यांचा एक माणूस दर पाच मिनिटांनी कर्ण्यात "हॅलो, हॅलो" म्हणत होता. मधे सतरंजीवर तो नमुना, शहाऐंशी नावं लिहून झालेली, उजवा रकाना कोरा. त्याच्यावर पेन.

"ती ओळ माझी," मी सुरुवातीलाच सांगितलं. "तुम्ही कुणी लिहायला सांगितली नव्हती. आता तुम्ही सांगा. ठेवायची असेल तर कारण सांगा, मी टाईप करते. नसेल तर काढते."

"गैरहजर म्हणून लिवा की," जोतिबा म्हणाले.

"गैरहजर कशा?" नागोजी म्हणाले. "माझी आई सकाळधरनं माघारच्या शेडात पोळ्या लाटतीया. साहेब आला तर तिच्याच हातची खाईल."

"मग आजारी."

"शहाऐंशी जणी? डाक्टरांची गाडी लावून देतील गावात."

"वैयक्तिक कारण."

"सगळ्या जणींचं वैयक्तिक कारण एकच कसं, म्हणून विचारलं तर?"

बाहेर हॅलो, हॅलो. मग मान हलवणाऱ्या दोघांपैकी एक जण, या यात्रेत पहिल्यांदाच, तोंड उघडून बोलला. "तांत्रिक कारण घाला."

"नाही," मी म्हटलं. माझा आवाज चिरका लागला आणि मला त्याची लाज वाटली नाही. "एकदा झाले मी तांत्रिक कारण. आता होणार नाही. तुमच्या सह्या आहेत, कारणही तुमचं पाहिजे."

दोन वाजले. आण्णाप्पांनी पेन उचललं, बघितलं, नागोजींपुढं धरलं. "तुमी लिवा, तुमचं अक्षर बरं हाय." नागोजींनी जोतिबांपुढं. "तुमी खजिनदार." जोतिबांनी पहिल्या मान हलवणाऱ्यापुढं, त्यानं दुसऱ्यापुढं. पाचही हातांतून फिरून पेन सतरंजीवर आलं, टोपण न काढता. मग मी नावं वाचायला लागले, वेळ जावा म्हणून नव्हे, दुसरं काही सुचेना म्हणून. नागोजींची आई. जोतिबांची भावजय, वय चौतीस. आण्णाप्पांची बहीण, जी लग्नाच्या दुसऱ्या वर्षी परत आली आणि त्यांच्या घरात बेचाळीस वर्षं स्वयंपाक करतेय. मी फक्त नाव वाचत होते, नातं कुणीच बोलत नव्हतं. पण प्रत्येक नावाला एक जण मान खाली घालत होता, ठरवून दिल्यासारखा.

"अडीच झालं," आण्णाप्पा हळूच म्हणाले. "इतर. इतर असं लिवा. त्यात सगळं येतंय."

मी 'इतर' टाईप केलं. कर्सर त्याच्यापुढं लुकलुकत राहिला. साहेब म्हणणार, इतर म्हणजे काय? आणि परत आम्ही सगळे पंख्याकडं बघणार.

उंबऱ्यात कप वाजले. आक्का चहाचं ताट घेऊन कधीच्या उभ्या होत्या, कुणास ठाऊक. चहावर साय धरलेली दिसत होती. त्यांनी ताट खाली ठेवलं. काखेतली पुडी काढली, तीच, वर्तमानपत्रातली. दोरा दातानं तोडला आणि नमुन्यावर, बरोबर कोऱ्या रकान्यावर, एक हिरवा खण उलगडून ठेवला. लाल काठ, मधे बारीक चौकटी.

"दिवाळीत आणून ठेवलाय म्या," त्या म्हणाल्या. "कुणी तरी इचारंल म्हणून."

बाहेर कर्ण्यात हॅलो, हॅलो.

"मालुबाई, आता बगा..." आण्णाप्पांनी सुरू केलं.

"तुमी थांबा मास्तर." आक्का माझ्याकडं वळल्या. "वासंती, ते इतर खोड. कारण लिव, नवरा मेला. शहाऐंशी जणींचा मेला. हेच कारण हाय न्हवं? मग लिव की, लाजतीस कशाला? मेला तवा गावानंच नेला, आता गावालाच सांगाय जड जातंय व्हय? लिव, आन खाली ह्या पाच जणांच्या सह्या घे. एकेकाची, पुऱ्या नावानं." त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि पेन आण्णाप्पांच्या हातात दिलं. आण्णाप्पांनी ते धरलं, पण लिहायला धरतात तसं नाही.

आक्कांनी पाच मोजण्याइतका वेळ दिला.

"जमत न्हाय? मग माझा नंबर दे."